सात, दहा, अकरा की आणखी काही? अंबाजोगाईतील एका घरगुती संगणकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अंबाजोगाईतील एका निवृत्त शिक्षकांच्या घरातील संगणकाचे आहे. त्यावरची संगणक चालवणारी मूळ प्रणाली, विंडोज ७, जुनी झाल्यावर तिच्या जागी कोणती टाकायची, हा प्रश्न होता. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी गुरुजींचा जुना विद्यार्थी असून संगणक प्रशिक्षणाचे लहानसे केंद्र चालवतो. त्यामुळे घरातल्या यंत्राला काही झाले की त्यांचा पहिला फोन मला येतो.

संगणक २०१३ साली लातूरहून जोडून आणलेला होता. त्यात इंटेल कोअर आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क होती, आणि त्यावर विंडोज ७ ची ‘होम बेसिक’ ही ३२ बिटची (जुन्या घडणीची, मर्यादित रॅमच वापरणारी) आवृत्ती होती. कॅबिनेटच्या बाजूला परवान्याचे स्टिकर होते, पुसट पण वाचता येण्याजोगे. जोडणीच्या संगणकात अधिकृत परवाना ही आमच्याकडे तेव्हा नवलाचीच गोष्ट होती. गुरुजींनी तो पावतीसह मागून घेतला होता.

हा संगणक घरात तिघे वापरत. गुरुजी तालुक्यातील गावांचा स्थानिक इतिहास, प्रवचनांची टिपणे आणि एका पतसंस्थेचे जुने अहवाल टंकलिखित करून ठेवतात. अशा ३१२ वर्ड फाइली डिस्कवर होत्या आणि त्या सर्व युनिकोडपूर्व काळातील, म्हणजे सर्व यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत रुळण्याआधीच्या, एका मराठी फॉन्टमध्ये होत्या. हा फॉन्ट ज्या टंकलेखन सॉफ्टवेअरबरोबर आला, ते यूएसबीला डोंगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही. सूनबाई महिला बचत गटाचा हिशेब सांभाळतात, ओळखीच्या घरांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात आणि त्यांच्या प्रती छापतात. संगणकातून घरात पैसे येतात ते याच कामातून. नात अकरावीत असून तिने माहिती तंत्रज्ञान हा विषय घेतला आहे. एचटीएमएल व जावास्क्रिप्टचा सराव आणि तासांचे व्हिडिओ एवढीच तिची गरज.

अडचण

सप्टेंबर २०२५ मध्ये एका योजनेच्या अर्जाचे पान सूनबाईंच्या ब्राउझरमध्ये अर्धेच उघडू लागले. ओटीपी टाकायचा चौकोन दिसे, पण खालचे बटण दाबले तरी काहीच होत नसे. संकेतस्थळ बंद असेल असे समजून त्यांनी दोन दिवस वाट पाहिली. मग तेच पान मोबाइलवर नीट उघडले तेव्हा दोष यंत्रात असल्याचे लक्षात आले. अतिवृष्टीनंतरचे ते दिवस होते. कागदपत्रांच्या कामासाठी दारात रोज चार माणसे येत होती आणि त्यांना परत पाठवावे लागत होते.

कारण साधे होते. क्रोम ब्राउझरची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ क्रमांकाची, जानेवारी २०२३ मधली. पुढची ११० क्रमांकाची आवृत्ती विंडोज १० च्या खाली बसतच नाही. म्हणजे घरातला ब्राउझर पावणेतीन वर्षे जागच्या जागी थांबला होता आणि संकेतस्थळे पुढे गेली होती. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घकालीन आवृत्ती सुरक्षा दुरुस्त्यांसह विंडोज ७ वर चालत होती. ती टाकून दिल्यावर तातडीचे अर्ज निघाले. पण ते ठिगळ होते, हे मी त्याच वेळी सांगितले.

खुद्द विंडोज ७ त्याच्याही आधी थांबली होती. २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आलेल्या या आवृत्तीचे घरगुती वापरकर्त्यांसाठीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले. नातीचे टाळेबंदीतले ऑनलाइन वर्ग झाले तेही मुदत संपलेल्या यंत्रावरच, आणि घरात कोणालाही, मलाही, त्याचे काही वाटले नव्हते. पडद्यावर सारे पूर्वीसारखेच दिसत असल्याने मुदत संपल्याचे जाणवत नाही.

आता घरात मते पडली. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने ५०० रुपयांत विंडोज १० टाकून देण्याची तयारी दाखवली. पुण्यातल्या भाच्याने ‘अकराच टाका, दहाची मुदत संपतेय’ असे कळवले. गुरुजींचे म्हणणे वेगळेच होते : “चालायलंय ना रे, मग कशाला हात लावायलास?”

माझ्याकडे प्रश्न आला तो ‘दहा टाकू की अकरा?’ असा, आणि मी तो तसाच स्वीकारला. ही या प्रकरणातली माझी पहिली चूक. त्या प्रश्नात यंत्रावर होणाऱ्या कामांचा उल्लेखच नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

नवा लॅपटॉप घेणे हा सर्वांत सरळ मार्ग होता, पण सप्टेंबरच्या पावसात गुरुजींच्या शेतातले सोयाबीन पाण्यात गेले होते, त्यामुळे तो विषय यंदापुरता त्यांनीच बंद केला. विंडोज ७ आहे तशी ठेवणे हा गुरुजींचा पर्याय सूनबाईंच्या कामामुळे टिकत नव्हता. ज्या यंत्रावर शेजाऱ्यांच्या आधार कार्डांच्या आणि बँक पासबुकांच्या प्रती येतात, ते यंत्र सुरक्षा दुरुस्त्यांशिवाय इंटरनेटला जोडून ठेवणे मला पटत नव्हते.

विंडोज १० चा विचार सर्वांत जास्त वेळ चालला. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या या प्रणालीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर संपली. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा दुरुस्त्या आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते आणि सेटिंग्जची साठवण त्या खात्याशी जोडणे, १,००० रिवॉर्ड पॉइंट खर्च करणे किंवा एकदाच ३० डॉलर भरणे यांपैकी एक मार्ग निवडावा लागतो. ज्यांच्याकडे विंडोज १० आधीपासून आहे त्यांना वर्षभराची उसंत म्हणून हा पर्याय चांगला होता. आम्ही ती तेव्हा नव्याने टाकली असती, तर वर्षभरात पुन्हा हाच प्रश्न सोडवायला बसावे लागले असते.

शिवाय परवाना नव्हता, आणि त्यात माझाही वाटा आहे. विंडोज ७ वरून १० वर फुकट जाण्याची जाहीर मुदत २९ जुलै २०१६ रोजी संपली होती. तरी प्रत्यक्षात विंडोज ७ च्या स्टिकरवरचा क्रमांक टाकून विंडोज १० अधिकृतपणे सुरू होत असे, आणि ही वाट कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. २०१६ साली घड्याळाशेजारी अपग्रेडचे छोटे चिन्ह आले तेव्हा गुरुजींनी मला फोन करून विचारले होते. “राहू द्या गुरुजी, नवीन आहे, जरा स्थिरावू द्या,” असे मी सांगितले आणि पुढची सात वर्षे मला त्याची आठवण झाली नाही. तेव्हा पाऊल उचलले असते तर २०२५ मध्ये हे यंत्र परवानाधारक विंडोज १० वर असते आणि वाढीव वर्षही मिळाले असते.

दुरुस्तीवाल्याच्या ५०० रुपयांच्या विंडोजमध्ये परवाना नसतो, परवान्याची तपासणी चुकवणारे ॲक्टिव्हेटर असते. ते चालावे म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्या पाच मिनिटांत आत काय काय शिरले हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. हा पर्याय मी चर्चेलाही ठेवला नाही. सूनबाईंना मात्र तो का नको हे नीट समजावून सांगावे लागले, कारण गल्लीतल्या निम्म्या घरांत तोच चालतो आणि ‘त्यांचे काय बिघडले?’ हा प्रश्न रास्त होता.

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ पासूनची. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट चालणारे यूईएफआय (यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीतला आणि मदरबोर्डवर टीपीएम नाही. या अटींना वळसा घालून विंडोज ११ बसवता येते आणि तसा पेन ड्राइव्ह दहा मिनिटांत तयार होतो. २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरकडे ज्या सूचनासंचाची सक्ती झाली, तो तिसऱ्या पिढीत आहे, म्हणजे प्रणाली चालली असती. परंतु अशा यंत्राला अपडेट मिळतच राहतील याची हमी कंपनी देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आपोआप उतरत नाही. ती दरवर्षी कोणी तरी हाताने बसवावी लागते. तो कोणी तरी मीच असणार होतो. शिवाय परवान्याची किंमत या जुन्या यंत्राच्या आजच्या बाजारभावापेक्षा जास्त होती.

राहिला लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी फुकट वापरता येणाऱ्या प्रणालीचा पर्याय. त्यातही आवृत्तीचा प्रश्न होताच, फक्त वेगळ्या रूपात. उबंटू या लिनक्सच्या एका प्रचलित रूपाच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना : २४.०४ ही एप्रिल २०२४ ची. सम वर्षांच्या एप्रिलमधली आवृत्ती दीर्घकालीन असते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांना नऊ महिने. ऑक्टोबर २०२५ मध्ये २५.१० नुकतीच आली होती आणि नातीचा ओढा तिकडे होता. “काका, नवीन आलंय तर तेच टाकू की,” असे ती म्हणाली. मी तिला दोन्हींच्या शेवटच्या तारखा कागदावर लिहायला सांगितल्या. २५.१० समोर तिने जुलै २०२६ लिहिले, २४.०४ समोर एप्रिल २०२९, आणि कागद माझ्याकडे सरकवला. आवृत्तीची जन्मतारीख सगळे पाहतात. घरच्या यंत्रासाठी तिची अखेरची तारीख आधी पाहावी.

विंडोज ७ सारखी मांडणी हवी, खाली डावीकडे मेनू हवा आणि जुन्या प्रोसेसरवर ताण पडू नये, म्हणून उबंटूऐवजी लिनक्स मिंट या दुसऱ्या रूपाच्या २२ मालिकेकडे वळलो. ती उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिचीही मुदत एप्रिल २०२९ पर्यंतच आहे. तिच्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई या तीन रूपांपैकी एक्सएफसीई सर्वांत हलके. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या ‘बॉस’ लिनक्सचेही नाव चर्चेत आले. पण अडल्यावर नातीला स्वतः उत्तर शोधता यावे, यासाठी मिंटचा वापरकर्ता वर्ग मोठा असणे मला महत्त्वाचे वाटले.

३२ बिट की ६४ बिट : खरा निर्णयबिंदू

इथपर्यंत सारे कागदावर होते. एका रविवारी मी गुरुजींचे डोंगल आणि त्या सॉफ्टवेअरची सीडी केंद्रावर नेली आणि ६४ बिटच्या विंडोज १० वर बसवून पाहिली. सेटअपच सुरू होईना. त्या काळच्या पुष्कळ सॉफ्टवेअरप्रमाणे त्याचा सेटअप १६ बिटचा होता, आणि ६४ बिटची विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवत नाही. सेटअपला बगल देऊन गुरुजींच्या डिस्कवरच्या फाइली आणून पाहिल्या, तर डोंगलचा ड्रायव्हर (संगणकाला ते उपकरण वापरता यावे यासाठीचा प्रोग्रॅम) ३२ बिटचा निघाला, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचे ड्रायव्हर बसत नाहीत. विंडोज ११ ची तर ३२ बिटची आवृत्तीच नाही. दहा की अकरा ही इतके दिवस चाललेली चर्चा त्या दुपारी निरर्थक ठरली : गुरुजींचे टंकलेखन ३२ बिटला बांधलेले होते.

मग ३२ बिटलाच का चिकटू नये? कारण ३२ बिटची विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरत नाही, आणि त्यातलीही साधारण साडेतीन जीबीच हाती लागते. आजचा ब्राउझर सात-आठ पाने उघडली की तेवढी खाऊन टाकतो. यंत्राचा प्रोसेसर पहिल्यापासून ६४ बिटचा होता. बारा वर्षे तो निम्म्या जागेत संसार करत होता, कारण २०१३ मध्ये दुकानदाराने सवयीने ३२ बिटची विंडोज टाकली होती.

गुंता सुटला तो गुरुजींचे काम तीन भागांत वेगळे केल्यावर. फाइल, फॉन्ट आणि टंकलेखनाचे सॉफ्टवेअर या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि आम्ही त्यांना एकच समजत होतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे आतून रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र असते. फाइलमध्ये साठलेली असतात रोमन अक्षरे, आणि फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. फॉन्ट नसेल तर अहवालाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते; फॉन्टची फाइल नेऊन टाकली की त्याच रांगेचा पुन्हा अहवाल होतो, मग प्रणाली कोणतीही असो. म्हणजे डोंगल लागत होते ते फक्त नवे टाइप करायला. जुने वाचायला आणि छापायला त्याची गरज नव्हती.

मी गुरुजींना विचारले, आठवड्याला नवे किती लिहिता आणि जुने किती उघडता? त्यांनी थोडा विचार करून सांगितले की नवी दोन-तीन पाने, जुने मात्र रोज. संपूर्ण प्रकरणात निर्णय फिरला तो या उत्तरावर. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर तीन आठवडे वाचले असते.

निर्णय आणि कृती

ठरले ते असे. नव्या एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणीवर) ६४ बिटचे लिनक्स मिंट २२.२ बसवायचे आणि ते घराचे रोजचे यंत्र करायचे. विंडोज ७ ची जुनी डिस्क तशीच आत ठेवायची, तिचे इंटरनेट कायमचे तोडायचे, आणि गुरुजींनी नवे लिहायचे असेल तेव्हाच ती सुरू करायची. सोबत जुन्या फाइली हळूहळू युनिकोडमध्ये आणायच्या, म्हणजे कधी तरी ही जुनी डिस्क काढून ठेवता येईल.

पहिले काम बॅकअपचे. डिस्कची प्रकृती तपासली तर काही सेक्टर आधीच निकामी झालेले आढळले. बारा वर्षांच्या डिस्कला ते शोभणारेच होते. गुरुजींचे सर्व लेखन, फॉन्टची फाइल आणि सॉफ्टवेअरची सीडी बाह्य डिस्कवर आणि वेगळ्या पेन ड्राइव्हवर, अशी दोन ठिकाणी उतरवली. मिंट बसवण्याची फाइल पावणेतीन जीबीच्या आसपास असते. घरात मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटा असल्याने ती केंद्रावरूनच आणली. विंडोज ११ ची पाच जीबीहून मोठी आहे, म्हणजे तिथेही हीच अडचण आली असती.

बसवण्याआधी मिंट पेन ड्राइव्हवरून दोन दिवस चालवून पाहिले. वाय-फाय, आवाज, पडदा, अर्जांची संकेतस्थळे, सारे ठीक होते. प्रिंटर लावून पाहिला नाही. त्या दिवशी तो सूनबाईंच्या माहेरी नेलेला होता, आणि ‘प्रिंटरचे काय, होईल’ असे मी स्वतःशी म्हणालो. याचा हिशेब पुढे द्यावा लागला.

२४० जीबीची एसएसडी घेतली आणि केंद्रातल्या मोडीत निघालेल्या यंत्राची ४ जीबी डीडीआर३ रॅम जोडून ८ जीबी केली. यूपीएसची बॅटरी मेलेली होती. ती आधी बदलली, कारण आमच्याकडे वीज जाण्याची वेळ वीज मंडळालाही सांगता येत नाही आणि प्रणाली बसत असताना वीज गेली तर सारे पहिल्यापासून. जुन्या डिस्कची केबल काढून ठेवून मगच मिंट बसवले, म्हणजे हात चुकला तरी गुरुजींच्या डिस्कला धक्का लागू नये.

इथे दुसरी चूक झाली. मिंट मी यूईएफआय पद्धतीने बसवले. नवी पद्धत तीच, आणि मदरबोर्ड ती चालवत होता. जुनी डिस्क पुन्हा जोडल्यावर मात्र सुरुवातीच्या मेनूत विंडोज ७ दिसेना, कारण ती जुन्या बायोस पद्धतीने बसवलेली होती आणि यूईएफआयने सुरू झालेला मेनू तशी विंडोज उघडू शकत नाही. प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना कळ दाबून डिस्क निवडणे हा मार्ग होता, पण ६८ वर्षांच्या माणसाला दोन सेकंदांत नेमकी कळ दाबायला लावणे म्हणजे त्यांचे लेखन बंद पाडणे. मिंट पुसून ते जुन्याच पद्धतीने पुन्हा बसवले. मग मेनूत दोन ओळी आल्या : वर मिंट, खाली विंडोज ७. नातीने खालच्या ओळीचे नाव बदलून ‘आजोबांचे लेखन’ केले. विंडोज ७ मध्ये नेटवर्कचे ड्रायव्हर बंद करून टाकले, ब्राउझरची चिन्हे काढली आणि फाइली ठेवण्यासाठी जुन्या डिस्कचा डी भाग दोन्ही प्रणालींना समाईक ठेवला. मिंट विंडोजचा भाग वाचते आणि लिहितेही. उलट दिशेने ते होत नाही.

छपाईची चूक

सूनबाईंचा प्रिंटर एका नामांकित कंपनीचा जुना लेझर होता, विंडोजवर निमूटपणे चालणारा. या जातीचे प्रिंटर पान स्वतः मांडत नाहीत; पान तयार करण्याचे काम संगणकातला ड्रायव्हर करतो, आणि तो ड्रायव्हर लिनक्सवर कसाबसा चालतो. पहिले पान निघे, दुसऱ्याला प्रिंटर झोपी जाई. मी दोन रात्री त्यावर घालवल्या. तिसऱ्या दिवशी दारात अर्जाच्या प्रतीसाठी माणसे उभी असताना सूनबाई म्हणाल्या, “भाऊजी, मला पान निघायला पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही बघा.” त्यांचे बरोबर होते. यंत्रातून घरात पैसा आणणारे काम त्यांचे, आणि चाचणीत नेमके तेच राहिले होते.

तात्पुरता उपाय असा केला की अर्ज मिंटमध्ये भरायचा, पीडीएफ डी भागात साठवायची, यंत्र विंडोज ७ मध्ये सुरू करायचे आणि छापायची. दिवसाला दोन प्रती असत्या तर हे चालले असते. वीस प्रतींना ते शिक्षाच होते. तीन आठवड्यांनी मोबाइलवरून आणि कोणत्याही प्रणालीतून वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापणारा वाय-फायचा प्रिंटर हप्त्यावर घेतला. त्याची किंमत एसएसडी आणि यूपीएसची बॅटरी यांच्या बेरजेच्या कितीतरी पुढे गेली. ‘फुकटची’ प्रणाली निवडल्याचा खर्च असा मागच्या दाराने आला, आणि तो आधी सांगितला नव्हता याबद्दल मी कुटुंबाची क्षमा मागितली.

परिणाम

यंत्र पूर्वी दीड-दोन मिनिटांनी हाती येई, आता अर्ध्या मिनिटात येते. त्यात मोठा वाटा एसएसडीचा आहे. हे श्रेय एकट्या प्रणालीला देणे खोटे ठरेल. अर्जांची संकेतस्थळे उघडतात. नातीचा सराव विनातक्रार चालतो.

गुरुजींचा अनुभव संमिश्र आहे. लिब्रेऑफिस या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे अहवाल उघडतात, पण काही तक्त्यांच्या ओळी सरकतात. एकदा नातीने जुन्या फाइलीत वाक्याच्या सुरुवातीचे अक्षर दुरुस्त केले, तर ते आपोआप भलतेच झाले. वाक्याचे पहिले रोमन अक्षर मोठे करण्याची सोय चालू होती, आणि त्या फॉन्टमध्ये लहान आणि मोठ्या रोमन अक्षरांच्या जागी वेगवेगळी मराठी अक्षरे बसवलेली होती. ती सोय बंद केल्यावर उपद्रव थांबला.

युनिकोडमध्ये फाइली आणण्याचे काम नातीने अंगावर घेतले. ते दिसते तितके यांत्रिक नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार सर्वांत शेवटी टाकला जाई. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर आणि रफाराचा र् अक्षराच्या आधी साठवला जातो. एकाच शब्दात दोन्ही आले की रूपांतर करणारा प्रोग्रॅम गोंधळतो आणि ‘धार्मिक’चे ‘धामिर्क’, ‘आर्थिक’चे ‘आथिर्क’ होते. पतसंस्थेच्या अहवालात ‘आर्थिक’ किती वेळा येतो याची कल्पना वाचकांना असेलच. नात शोधून-बदलून दुरुस्त करते, गुरुजी मूळ छापील प्रत हातात घेऊन वाचून दाखवतात.

तिने इन्स्क्रिप्ट हा युनिकोड मराठीचा प्रमाण कळफलक महिनाभरात आत्मसात केला. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर सारखाच असतो, त्यामुळे पुढे यंत्र बदलले तरी बोटांना नवे शिकावे लागणार नाही. गुरुजींनी तो चार दिवस करून पाहिला आणि सोडला. चाळीस वर्षे टाइपरायटरच्या मांडणीवर फिरलेली बोटे वळत नाहीत, आणि त्यांना वळवण्याचा आग्रह मी धरला नाही.

वेगळे काय करता आले असते

प्रिंटर आणि डोंगल या दोन्ही वस्तू पहिल्या दिवशी टेबलावर मांडायला हव्या होत्या. प्रणाली निवडण्याआधी यंत्राला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नवीन प्रणालीवर चाचणी घेतली असती, तर कदाचित मिंटची निवड तशीच राहिली असती, पण नव्या प्रिंटरचा खर्च तुलनेत आधीच धरला गेला असता आणि कुटुंबाने डोळे उघडे ठेवून निर्णय घेतला असता. तो खर्च धरूनही त्यांनी मिंटच निवडले असते का, हे मी आज खात्रीने सांगू शकत नाही. सूनबाईंना विचारल्यास त्या ‘नाही’ म्हणतात.

गुरुजींची विंडोज ७ मिंटच्या आत आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) चालवणे हा पर्याय मी तेव्हा लक्षात घेतला नाही. या प्रोसेसरला ती क्षमता आहे, ८ जीबी रॅम झाल्यावर २ जीबी त्यासाठी सोडता आली असती, यूएसबीचे डोंगल आत वळवता येते आणि यंत्र पुन्हा सुरू करण्याची कटकट वाचते. शिवाय निकामी होत चाललेल्या डिस्कवरचे अवलंबन संपले असते. हा प्रयोग बाकी आहे.

आणि २०१६ चा तो फोन. नव्या आवृत्तीला सहा महिने स्थिरावू देण्याचा सल्ला चुकीचा नव्हता. सहा महिन्यांनी परत विचारायचे ठरवून वहीत तारीख टाकली नाही, ही चूक. आता केंद्रात ज्यांची यंत्रे मी पाहतो, त्यांच्या प्रणालीची अखेरची तारीख एका रजिस्टरात लिहिलेली असते.

सद्यस्थिती

जानेवारी २०२६ अखेर ३१२ पैकी १४७ फाइली युनिकोडमध्ये आल्या आहेत; वाचून, ताडून पक्क्या झाल्या आहेत त्या १२१. नातीची अकरावीची परीक्षा संपल्यावर उरलेल्या हातात घ्यायच्या आहेत. गुरुजी अजून मंगळवारी आणि शनिवारी खालची ओळ निवडून डोंगल लावतात आणि दोन पाने लिहितात. जुनी डिस्क सुरू होताना अलीकडे बारीक टकटक करते, म्हणून प्रत्येक बैठकीनंतर त्या दोन पानांची प्रत पेन ड्राइव्हवर घेण्याचे काम सूनबाईंनी आपल्याकडे घेतले आहे.